तासभर सरळ उभं राहण्याची नोकरी

मी ईएसआरची काचनळी बोलतेय. वडशातल्या एका छोट्या लॅबमध्ये माझी नोकरी आहे. काम एकच: पोटात रक्त घेऊन तासभर ताठ उभं राहायचं. तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात. अंगात कुठे सूज धुमसत असेल तर त्या पंगतीत पाट धरावा तशा घाईनं बसतात. तासात जितके मिलिमीटर खाली गेल्या, तो माझा आकडा.

कारखान्यातच माझ्या अंगावर दोनशे रेघा ओढल्या. तीट लावायलाही जागा ठेवली नाही. इथला तंत्रज्ञ प्रफुल मला रोज धुतो, वाळवतो. सूज सांगणारी दुसरी तपासणी, सीआरपी, मशीनमध्ये होते. त्या मशीनवर मात्र तो भरतकामाचं फडकं घालतो. असो. भाऊबंदकी कुठे नाही?

परवा दिव्यानी मॅडम आल्या. शाळेत विज्ञान शिकवतात. सोबत सहा वर्षांची हर्षा. तिच्या रक्तवाहिन्यांना सूज येते. गोळ्यांनी गाल पुरीसारखे फुगलेले, आणि भूक अशी की माझ्याकडेही ती सरबताची नळी असल्यासारखी बघत होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, सीआरपी नीट आणि ईएसआर विसाच्या आत आला, तर गोळ्या कमी करू.

प्रफुलनं मला भरून स्टँडमध्ये उभं केलं. "मॅडम, बाहेर बसा जी. तासभर लागते."

"इथेच बसते, भाऊ. हात नाही लावत."

हात न लावणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. तो चहाला वळताच मॅडमनी पर्समधून अंगाऱ्याची पुडी काढली.

"आई, तू तं आजीले म्हणाली, असं काही नसते!"

"चूप राय. नसतेच," म्हणत मॅडमनी पुडी स्टँडच्या एका पायाखाली सरकवली.

झालं! मी कलले. नळी तिरकी झाली की पेशींना घसरगुंडीच मिळते.

तासाभरानं प्रफुलनं वाचलं, "अडतीस."

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं.

"सीआरपी तं नॉर्मल आहे. मंग हा काऊन वाढला? जाऊ द्या, डॉक्टरले कळवून टाकतो." त्यानं मोबाइल काढला.

मॅडमनी स्टँडच्या पायाकडे पाहिलं. मग हर्षाच्या गालांकडे. "थांबा भाऊ. नळी तिरकी आहे. खाली मी... अंगारा ठेवला."

प्रफुलनं वाकून स्टँडखाली पाहिलं. "मॅडम, तुमी सायन्स शिकवता नं जी?"

"आठवीपर्यंतच."

त्यानं पुडी काढून कपाळाला लावली आणि मशीनवर ठेवली. मला धुऊन, वाळवून उरलेलं रक्त पुन्हा भरलं. हर्षाला टोचावं लागलं नाही. हा तास मॅडम हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभ्या होत्या, माझ्याहून ताठ. श्वासही तोंड फिरवून घेत होत्या.

"चौदा," प्रफुल म्हणाला.

डॉक्टरांचा निरोप आला: उद्यापासून अर्धी गोळी कमी. मॅडम हसता हसता रडायला लागल्या. हर्षा घाबरली. "मंग जेवण पण अर्धं कमी करशील काय?"

"नाई गं माय. पोटभर जेव."

आता मी धुऊन रॅकमध्ये उलटी ठेवलेली आहे. काचच ती, आज ना उद्या फुटेन. तोवर मागणं एवढंच: लेकरासाठी हव्या त्या देवाला साकडं घाला, माझी ना नाही. फक्त ते घालताना टेबलाला टेकू नका.