डावा पंख

ताई आणि भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, आणि तेही डिंकावरून. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आधी वाटणीबिटणीचं काही असेल म्हणून कान टवकारले होते. खरं कारण कळल्यावर त्यांचा इतका हिरमोड झाला, की त्यांनी ते पुढे कोणाला सांगितलंसुद्धा नाही.

ताई पहिल्या मजल्यावर राहायची आणि कपडे शिवायची. भाऊ म्हणजे तिच्या पाठचा, निवृत्त बसड्रायव्हर, बरोबर तिच्या डोक्यावरच्या खोल्यांत राहायचा. दोघांना लहानपणापासून एकच वेड, क्विलिंगचं. कागदाच्या बारीक पट्ट्या दांडा लावलेल्या सुईवर गुंडाळायच्या, गुंडाळी जरा सैल सोडायची, चिमटीत दाबून तिला थेंबाचा नाहीतर डोळ्याचा आकार द्यायचा आणि अशा ढीगभर गुंडाळ्या एकमेकींना चिकटवून फूल, पान, पाखरू करायचं. गल्लीच्या टोकाला वाचनालय होतं. त्याच्या दालनातली भिंतीवरची मोठी काळी फळी हे दोघं दर मोसमाला नव्याने सजवायचे. थंडीत बर्फाचे कण, उन्हाळ्यात सूर्यफुलं, पानगळीत तांबडी-पिवळी पानं. आणि वसंतात मात्र न चुकता फुलपाखरू.

भांडण झालं ते त्या फुलपाखरावरूनच. भाऊचा हात सढळ. चहात साखर असो की कागदाला डिंक, त्याला कमी म्हणून घालता यायचं नाही. मागच्या वसंतात फळीवर पंख चिकटवताना त्याच्या बोटांखालून डिंक ओघळायला लागला, आणि ताई सगळ्या वाचकांसमोर म्हणाली, "अरे, डिंक लावतोयस की भिंत लिंपतोयस?" लोक हसले. भाऊने चिमटा खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाला, "यापुढे मी या कागदाला हात लावला तर बघ." तो गेला तो गेलाच. तेव्हापासून जिन्यात ताई दिसली की तो शीळ घालायला लागायचा. शीळ वाजत असताना माणसाला बोलता येत नाही, ही त्याची युक्ती.

ताईला त्याच संध्याकाळी कळलं होतं की आपण चुकलो. एकट्याला बोलली असती तर तो हसला असता. चारचौघांत बोलली, तिथे बिनसलं. पण मोठ्या बहिणीने माफी कशी मागायची, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. शिवणयंत्राची तिने ती कित्येकदा मागितली होती. यंत्राने दर वेळी माफ केलं.

आता इथे एक बारकावा सांगायला हवा, त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गुंडाळीला दोन बाजू असतात. सुईच्या टोकाकडची सपाट आणि सुबक. दांड्याकडच्या बाजूला मात्र सुई काढताना मधोमध खळगा पडतो. म्हणून सपाट बाजू नेहमी वर ठेवायची. तशी ठेवली, की उजव्या हाताने केलेली गुंडाळी एका दिशेने फिरते आणि डाव्या हाताने केलेली दुसऱ्या. ताई उजवी. भाऊ डावरा. शाळेत त्याच्या वहीवर शाई फासली जायची आणि त्याला रोज बोलणी बसायची; पण ज्या मावशीने दोघांना हे काम शिकवलं, तिने त्याच्या गुंडाळ्या पाहून टाळी वाजवली होती. "हा बघा माझा डावा पंख सापडला!" म्हणाली होती. त्या दिवसापासून फुलपाखराचा उजवा पंख ताईचा आणि डावा भाऊचा. दोन्हींच्या सपाट बाजू वर, आणि एकमेकांचं आरशातलं रूप असावं तसे.

भाऊ रागावून निघून गेल्यापासून जोडीतलं दुसरं पान ताईला आपल्याच गुंडाळ्या उपड्या घालून करावं लागे. मग वर आलेल्या खळग्यांवर ती मणी चिकटवायची. लोक म्हणायचे, "यंदा मणी काय खुलून दिसतात हो!" ताई कसनुसं हसायची.

यंदाचा वसंत तोंडावर आला तसं तिने ग्रंथपाल बाईंना सांगून टाकलं, "या वेळी फुलपाखरू नको. नुसती फुलं करते." ही बातमी जिन्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला संध्याकाळसुद्धा व्हावी लागली नाही.

आठवडाभराने भाऊची बायको खाली आली. हातात मिठाईचा रिकामा खोका, आणि चेहऱ्यावर शाळेच्या नाटकात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या मुलीसारखे भाव.

"वन्सं, म्हटलं तुम्हाला तेवढीच मदत," ती म्हणाली. "बसल्या बसल्या एक पंख केलाय मी."

"तू?"

"हो. मीच. म्हणजे दुसरं कोण करणार?"

ताईने झाकण उघडलं. आत नारिंगी आणि पिवळ्या थेंबांचा, काळ्या कडेचा एक अख्खा डावा पंख होता. सपाट बाजू वर होती. एकूण एक गुंडाळी ताईच्या हाताच्या उलट फिरत होती. वहिनी तर भाजी चिरण्यापासून चापट मारण्यापर्यंत सगळं उजव्या हाताने करणारी बाई.

"छान हात बसलाय गं तुझा," ताई म्हणाली आणि सुई तिच्यापुढे धरली. "एक गुंडाळी करून दाखव ना, मलाही शिकू दे."

"आत्ता? नको, दूध तापत ठेवलंय!" वहिनी जिना चढून गेलीसुद्धा.

ताईला हसू आवरेना. हसत हसत तिने पंख उचलला, तर त्यातले दोन थेंब निखळून टेबलावर पडले. तिने चष्मा लावून पाहिलं. प्रत्येक जोडावर डिंकाचा फक्त एक ठिपका होता, टाचणीच्या टोकाने ठेवलेला असावा इतका बारीक. चहात तीन चमचे साखर घालणाऱ्या तिच्या भावाने अख्खा पंख असा चोरट्या ठिपक्यांनी जोडला होता. तिचं हसू गेलं. तिला रडू आलं, आणि ती बराच वेळ रडली. तिच्या त्या एका वाक्याने त्याचा हात आखडला होता.

मग तिने डोळे पुसले आणि विचार केला. वर जाऊन माफी मागावी, तर तो "कशाबद्दल?" म्हणून दार लावून घेणार. पंखाचं विचारावं, तर कानांवर हात ठेवणार, वर बिचाऱ्या वहिनीची पंचाईत. त्याला आपणहून तोंड उघडायला लावेल अशी जगात एकच गोष्ट होती. ती करणं ताईच्या जिवावर आलं, पण तिने ठरवलं. तो आणखी दुखावला, तर उरलेला जन्म जिन्यातली शीळ ऐकत काढायची होती.

तिने निखळलेले थेंब जोडले, आपला उजवा पंख पुरा केला आणि सकाळी वाचनालयात जाऊन फुलपाखरू फळीवर लावलं. फक्त पंखांची अदलाबदल केली. भाऊचा पंख उपडा करून उजवीकडे, तिचा उपडा करून डावीकडे. आकार अगदी बरोबर बसला. पण एकूण एक खळगा वर.

"अप्रतिम!" ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "दर वर्षीपेक्षा सुंदर." येणारे-जाणारे वाचकही मान डोलावून गेले. कोणाला काही दिसलं नाही.

भाऊ रोजच्यासारखा वर्तमानपत्र वाचायला आला. ताई कपाटाजवळ एक पुस्तक उघडून उभी होती. कुठलं ते तिलाही ठाऊक नव्हतं. भाऊने फळीकडे पाहिलं आणि तो जागच्या जागी थबकला. मग जाऊन बसला. वर्तमानपत्र उघडलं, मिटलं. पाणी प्यायला उठला, फळीसमोरून गेला. परत आला, फळीसमोरूनच आला. पुन्हा तहान लागली. त्याच्या कपाळावरची शीर ताईला कपाटापासून दिसत होती. बोल रे, ती मनात म्हणत होती, एकदा ओरड तरी.

भाऊने वर्तमानपत्राची घडी घातली आणि तो सरळ दाराबाहेर निघून गेला.

संपलं. एकदा लोकांसमोर बोलून त्याला घालवला, आणि आज न बोलता. आता मावशीचं फुलपाखरूही गेलं आणि भाऊही. पुस्तक ठेवून ती फळीपाशी गेली, निदान पंख तरी सरळ करावेत म्हणून.

"हात लावू नकोस!"

दारात भाऊ उभा होता, धापा टाकत. एका हातात त्याचा जुना चिमटा, दुसऱ्यात डिंकाची बाटली. आवाज मात्र भरलेल्या बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तोच.

"दोन्ही पंख उलटे लावलेस, ताई! डोळे फुटले का तुझे?"

"शांतता राखा," ग्रंथपाल बाई सवयीने म्हणाल्या आणि लगेच उठून उभ्या राहिल्या, मजा चुकू नये म्हणून.

"कुठे उलटे?" ताई म्हणाली.

"हे सगळे खळगे वर आलेत ते दिसत नाहीत? हा डावा पंख आहे, डावा! एवढं राबून केला, तो असा पालथा घालायला?"

"वहिनीने केलाय तो. तिलाच विचारते हवं तर."

"तिला काय कळतंय डोंबल!" भाऊ गरजला.

आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं. त्याचे कान हळूहळू लाल झाले. चार वाचक पुस्तकांत तोंड खुपसून हसत होते.

ताई त्याच्या अगदी समोर गेली. "मी चुकले रे," ती म्हणाली, आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मागच्या वर्षी इथेच तुला बोलले, म्हणून इथेच सांगते. वर्षभर नुसते मणी चिकटवत बसले."

भाऊ चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "बघितले ते," तो शेवटी म्हणाला. "भिकार होते मणी."

"होतेच."

त्याने उजवीकडच्या पंखाखाली जपून चिमटा घातला. पंख चिकटवलेलाच नव्हता. चार टाचण्यांवर टेकवून ठेवला होता, ताईच्या शिवणाच्या डबीतल्या. दुसराही तसाच. भाऊने टाचण्यांकडे पाहिलं, मग ताईकडे.

"डिंक नाही लावलास?"

"डिंक तुझा असतो ना," ताई म्हणाली. "लाव. हवा तेवढा लाव."

भाऊने बाटलीचं टोपण दाताने उघडलं. आधी एक ठिपका ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने मान डोलावली. मग त्याने बाटली पालथी केली आणि पंखाच्या पाठीवर अशी काही दाबली, की कित्येक महिन्यांची कसर भरून निघाली. डावा पंख डावीकडे बसला, उजवा उजवीकडे. पिवळ्या थेंबांखालून डिंकाची एक जाड धार निघाली आणि काळ्या फळीवरून संथपणे खाली उतरायला लागली.

ताईने ती पाहिली. बोट पुढे केलं, धार पुसली आणि ते बोट गुपचूप आपल्या पदराला पुसून टाकलं.