बर्फाचा कौल

मित्रांनो, मी एक जुनं फावडं आहे; पण शेतातलं नव्हे. माझं पातं हलक्या ॲल्युमिनियमचं आहे आणि दांडा काढून पाठीवरच्या पिशवीत ठेवता येतो. बर्फाच्या डोंगरात जाणारी माणसं मला सोबत नेतात.

वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल गावी, जगन्नाथकाकांच्या घरी मी आले तेव्हा त्यांची लेक शिवांगी बारा वर्षांची होती. बापलेक दोघं मिळून स्की शिकले. नवा बर्फ पडला की उतारावर पाय ठेवण्याआधी काका माझ्याकरवी बर्फालाच विचारत. ते कसं, सांगते. आधी खड्डा खणायचा, म्हणजे भिंतीत बर्फाचे थर दिसतात. मग त्या भिंतीतून करवतीने बर्फाचा फूटभर रुंद खांब मोकळा करायचा, त्याच्या डोक्यावर माझं पातं ठेवायचं आणि हाताने थोपटायचं. दहा वेळा मनगटातून, दहा वेळा कोपरातून, दहा वेळा खांद्यातून. खांब लवकर तुटून सरकला, तर वरच्या थराने खालच्याला धरलेलं नाही असं समजायचं. तिथे माणसाच्या वजनानेसुद्धा सगळा उतार खाली येऊ शकतो.

शिवांगीची आई, सुवर्णाकाकू, दसऱ्याला गाडीबरोबर मलाही हळदकुंकू लावायच्या. "हिच्या भरवशावर माझी दोन माणसं जातात," असं म्हणायच्या. 'फावडं' सोडून 'ही' म्हणायच्या मला! त्या एका शब्दावर माझं वर्ष सुखात जाई.

पुढे शिवांगी कॉलेजला गेली. काकांचे गुडघे दुखू लागले. मी गॅरेजात पडले. कधी मला वापरून कुंडीतली माती ढवळली, कधी ड्राइव्हवेवर मीठ पसरलं. एकदा माझ्यावरून गाडीचं चाक गेलं नि पात्याचा कोपरा वाकला. मी रुसले नाही, पण डोंगराची फार आठवण यायची.

गेल्या जानेवारीत शिवांगीनेच मला बाहेर काढलं. तिला ओहायोत, डब्लिनला नोकरी लागली होती आणि मंगळवारी निघायचं होतं. एका मोठ्या उताराकडे बोट दाखवून काका तिला वर्षानुवर्षं सांगत आले होते, "तू मोठी झालीस की जाऊ." आता हा शेवटचा रविवार उरला होता. काकूही पायांत बर्फावर चालायचे रुंद स्नोशूज बांधून सोबत आल्या.

आदल्या रात्री दीड फूट बर्फ पडला होता, वाराही खूप होता. काकांनी कडेला, पण त्या उताराच्याच बर्फात खड्डा खणला. खालचा थर रव्यासारखा सुटा निघाला, बोटांतून गळत होता. त्याच्यावर नव्या बर्फाची जड लादी बसलेली. मनगटातून एक, दोन, तीन... चौथ्यालाच लादी तुटली आणि सरळ काकांच्या मांडीवर आली.

"नाही गं, पिल्लू," काका म्हणाले.

"बाबा, वन टेस्ट! झाडांपाशी करू ना."

झाडांपाशी वारा पोचला नव्हता. तिथला खांब पंचविसाव्यापर्यंत टिकला.

"सी? पंचवीस! एकेक करून क्रॉस करू."

काकांना लेकीचा चेहरा पाडवेना. "अजून एक करून बघू," ते पुटपुटले. "तीनपैकी दोन आले तर..."

काकू थर्मासमधून चहा ओतत होत्या. हळूच म्हणाल्या, "आमच्या गावी देवाला कौल लावतात. गुरव देवाला कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझ्या लग्नाचं विचारलं तेव्हा डावी पडली. आजोबा म्हणाले, पुन्हा लाव. गुरव म्हणाला, मग विचारता कशाला?"

"आणि तरी केलंस लग्न?" काकांनी विचारलं.

"ते दुसरं स्थळ होतं. तुमच्या वेळी उजवी पडली, म्हणून तर इथे थंडीत बसलेय."

शिवांगीला हसू आलं. "आई, धिस इज सायन्स."

"असू दे की. उतार तुला नको म्हणाला, तर तू झाडांना जाऊन विचारलंस. तुला जायचंय कुठे, झाडांत?"

शिवांगी डोळे पुसत म्हणाली, "पण मी मंगळवारी जातेय, आई."

"जा ना, बाळा. पण जायला तू तर हवीस."

शिवांगीने मला उचललं आणि दोन्ही खड्डे नीट बुजवले. तिघं दाट झाडांतून, आल्या वाटेने खाली उतरली.

तुम्ही विचाराल, तो उतार कोसळला का? आम्ही गाडीपाशी पोचेपर्यंत तरी तो तसाच पांढराशुभ्र उभा होता. कदाचित त्याने त्यांना जाऊही दिलं असतं. ते कुणालाच कधी कळायचं नाही. मंगळवारी शिवांगी विमानात बसली, एवढं मला ठाऊक आहे.

मित्रांनो, सुट्या थरावर बर्फाची लादी असते तेव्हा मला नाही म्हणावंच लागतं. आशेने आलेल्या लेकरांचे चेहरे मलाही दिसतात आणि मलाही वाईट वाटतं. तेव्हा माझ्यावर रागावू नका. दुसऱ्या जागी नेऊन गोड उत्तर माझ्याकडून काढून घेऊ नका. मला फडक्याने कोरडं पुसा, पिशवीत ठेवा आणि घरी चला.