कारल्यावरची माशी

तुळसाबाईनं कारलं मधोमध मोडलं. आतून पांढऱ्या अळ्या सांडल्या आणि टुणटुण उड्या मारत अंगणभर पसरल्या.

"पाह्य," ती सुनेला म्हणाली, "तुह्या कुशीत काही ठरत नाही, अन् तुह्या वेलाले धरते तेबी सडते!"

सून अनुसया अळ्या झाडू लागली. राजेगावच्या अलीकडे नदीकाठी त्यांची भाज्यांची वाडी होती. कारली, दोडकी, दुधी बालाघाटच्या बाजारात जात. वाडी अनुसयाच राखायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. नवरा भोजराज ओट्यावर विडी ओढत होता. त्यानं आईला अडवलं नाही. त्रेसष्टच्या त्या उन्हाळ्यात त्यानं परसवाड्याकडची शीला दुसरी बायको म्हणून आणली. पंगतीत अनुसयानंच वाढलं.

मग घरात तिला कोणी काही विचारीना. ती दिवसभर वाडीत राहू लागली. एका सकाळी तिला कोवळ्या कारल्यावर एक माशी दिसली. पिवळसर तांबूस, गांधीलमाशीसारखी. पारदर्शक पंखांवर तपकिरी नक्षी. पंख हलवत ती कारल्यावरून तिरपी तिरपी फिरली, थांबली आणि शेपटाकडची सुई तिनं सालीत खुपसली. ती उडाल्यावर तिथं डिंकासारखा थेंब आला.

अनुसयानं त्या कारल्याच्या देठाला दोरा बांधला. थोड्याच दिवसांत ते वाकडं झालं, पिवळं पडलं. तिनं ते माती घातलेल्या मडक्यात ठेवून वर फडकं बांधलं. अळ्या कारल्यातून निघून मातीत शिरल्या आणि तांदळाच्या दाण्यांसारख्या निपचित पडल्या. पुढं एका सकाळी फडक्याखाली तशाच नक्षीदार पंखांच्या माश्या भिरभिरत होत्या.

ती मडकं घेऊन धावतच घरी गेली.

"पाहा जी, माह्या हातात दोष नाही. हे माशी कारल्यात अंडे घालते!"

भोजराजनं आत डोकावून पाहिलं आणि तो मोठ्यानं हसला. "वा! पोरं झाले नाही, तं माश्या पैदा करून राह्यली!"

शीलाही हसली. भोजराजनं मडकं उंबऱ्यावर आपटून फोडलं.

संध्याकाळपर्यंत तुळसाबाईनं गावभर केलं, की थोरली घरात किडे पाळते, सवतीवर करणी करते. विहिरीवर अनुसया आली की बाया घागरी उचलून बाजूला होऊ लागल्या.

तरी तिनं काम सोडलं नाही. किडकी फळं रोज वेचून खोल खड्ड्यात पुरली. जुन्या लुगड्याच्या चिंध्या करून प्रत्येक कोवळं कारलं गुंडाळलं. पावसाळ्यात वाडीत हिरवीगार, निकोप कारली लोंबू लागली. त्याच सुमारास शीलाला दिवस गेले.

"लहानीचा पायगुण!" तुळसाबाई म्हणाली. शीलाच्या हातानं वाडीत नारळ फोडला. त्याच दिवशी तुळसाबाईनं अनुसयाला बजावलं, "आता वाडीत पाय ठेवू नको. पोटुशीच्या हातच्या मालाले वांझेचा हात नको."

अनुसया वाडीबाहेर गवत कापू लागली. आत नवी कारली उघडीच राहिली. पुन्हा पिवळी पडून गळू लागली.

एक दिवस शीला कुंपणाशी आली. तिच्या हातात चिंधी होती.

"बाई, हे कसं बांधता तुमी? मले जमून नाही राह्यलं." तिनं मागं वळून पाहिलं आणि आवाज खाली केला. "कारले सडले तं सासू मलेबी तसंच बोलन."

अनुसयानं विळा खाली ठेवला. चिंधी घ्यायला कुंपणावरून हात पुढं केला.

"काहून हात लावते व तिले!" तुळसाबाई राखणीच्या माचीवरून अनुसयावर ओरडली.

शीला दचकली. चिंधी चिखलात पडली. अनुसयानं ती उचलली नाही.

"उचल," ती शीलाला म्हणाली. "फूल सुकलं का लगेच गुंडाळ. गाठ देठापाशी मार, अन् सैल मार. आतनी वाढाले जागा पाह्यजे त्याले."

"अशी?"

"हौ. आणखी सैल."

शीला वेलापाशी वाकून बांधत राहिली. कुंपणाबाहेर अनुसया दोन्ही हात पाठीमागं धरून उभी होती आणि तोंडानं सांगत होती.