घराण्याचा सैल कट

टेलरकाकांच्या घरात अंगाबरोबर बसणारा कपडा कधी शिवलाच गेला नाही. वडिलांचा पायजमा गुडघ्यापाशी ढगळ, मुलाची विजार तशीच, आणि काकांची स्वतःची बाही तर मनगटापर्यंत झोळीसारखी. याला ते ‘आमच्या घराण्याचा कट’ म्हणत, आणि गिऱ्हाइकालाही मोठ्या तोऱ्यात सांगत.

नातीच्या गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा दिसला, तेव्हा मात्र त्यांनी तो बेधडक सुनेच्या माहेराकडे वळता केला. तिकडची माणसंच ओबडधोबड, म्हणे. सून निमूट ऐकून घ्यायची.

पुढे पोरीच्या पावलाला मुंग्या येऊ लागल्या, चालताना चप्पल निसटू लागली. काकांनी चपलेला मागून पट्टा शिवून दिला आणि विषय संपवला. सुनेनं संपवला नाही. तिनं दवाखाना गाठला. काकाही मागोमाग गेले, पोरीला कापू द्यायचं नाही असं ठरवून. जन्म कात्रीवर काढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या कात्रीची भारी धास्ती.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. हाडांना ठिकठिकाणी कोंब फुटले होते. कॅन्सर नाही, घाबरू नका, म्हणाल्या. पोरीची वाढ संपली की हेही वाढायचे थांबतात. पण गुडघ्याखालचा कोंब नस दाबतोय, तो लवकर काढायला हवा, नाहीतर पाऊल उचलेनासं होईल. बाकीच्यांवर नुसतं लक्ष ठेवायचं. हे बहुतेक वेळा घराण्यातून येतं, तर घरात आणखी कुणाला आहे?

सून तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाले, “आमच्याकडे असलं काही नाही. लिहून देतो.”

“आहे की, आजोबा,” नात म्हणाली. “तुमच्या मनगटावर. तुम्ही शिवताना मी दोरा त्याच उंचवट्याला गुंडाळते ना?”

बाईंनी बाही वर सारली. घराण्याचा कट असल्यामुळे ती सरसर कोपरापर्यंत गेली. मनगटावर एक कोंब, कोपराशी दुसरा. काकांच्या डोळ्यांपुढून वडिलांचा पायजमा गेला, मागोमाग मुलाची विजार.

ते म्हणाले, “सूनबाई, हे आमचंच गं.”

“ठाऊक आहे मला. तुमच्या मुलाचे गुडघे मीच चोळते रोज.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलू कधी दिलंत, मामंजी?”

काका बाईंना म्हणाले, “काढा तो. देव तुमच्या हाताला यश देवो.”

देवानं दिलं. पाऊल पुन्हा उचलू लागलं. टाके काढायच्या दिवशी काकांनी वाकून शिलाई पाहिली आणि टाके जरा लांब पडलेत असं सुनावलं. बाईंनी हसून विचारलं, तुमच्या मनगटावरचाही तपासायचा का, त्रास असेल तर काढू.

“नको,” नात म्हणाली. “मग मी दोरा कुठे गुंडाळू?”

घरी आल्यावर काकांनी तिच्यासाठी गुडघ्याच्या वर येणारा फ्रॉक कापायला घेतला. अंगाबरोबर. स्वतःची बाही वर गुंडाळून.