चाळीस सेकंदांची शांती

पाळकांच्या मेहुण्याने तिसऱ्या बाकावर पांढरी चिकटपट्टी लावली, तिची दोन्ही टोके अंगठ्याने घासून बसवली आणि मान वर करून म्हणाला,

"मावशी, आजपासून तुम्ही इथे."

मावशींनी पर्स छातीशी धरली. आठव्या बाकाच्या डाव्या टोकाला, घड्याळवाल्यांच्या शेजारी, त्या एकोणीस वर्षे बसत आल्या होत्या.

"आणि घड्याळवाले?"

"ते तुमच्या मागे, पाचव्यावर. एका बाकावर एकच माणूस. घरून बघणाऱ्यांना कॅमेऱ्यात चर्च कसं गच्च भरल्यासारखं दिसतं बघा."

युक्ती निर्दोष होती. उपासनेला येणारी माणसे उरली होती अकरा. ती शेजारी शेजारी बसली की मागच्या रिकाम्या बाकांचे पितळ उघडे पडे; पांगवून बसवली की प्रत्येक चौकटीत कोणी ना कोणी येई. माणसांना एकमेकांपासून जितके दूर ठेवावे तितकी मंडळी मोठी दिसते, हा सिद्धान्त दोन हजार वर्षांत एकाही धर्मपंडिताला सुचला नव्हता. तो या विमा-प्रतिनिधी मेहुण्याला, कॅमेऱ्याच्या तिपाईमागे उभे राहून, एका रविवारी सुचला.

मावशींची तक्रार आसनाबद्दल नव्हती. प्रवचनानंतर पाळक म्हणत, "एकमेकांना शांती द्या," आणि मग प्रत्येकाने शेजाऱ्याचा हात हातात घेऊन "तुम्हांला शांती असो" म्हणायचे, अशी तिथली रीत होती. सारा प्रकार चाळीस सेकंदांचा. मावशी निवृत्त मुद्रितशोधक. नवऱ्याला जाऊन सहा वर्षे झाली होती, भावंडे नव्हती, आणि दवाखान्यातला रक्तदाबसुद्धा हल्ली यंत्र आपला आपण मोजून घेई. आठवड्यातून एकदा दुसऱ्या माणसाचा हात हाती यावा, इतकाच त्यांचा जगाशी उरलेला व्यवहार होता. तो हात घड्याळवाल्यांचा असे: कोरडा, बारीक तेलाचा वास येणारा, अंगठ्यावर चिमट्याने पडलेला घट्टा. त्या तीन शब्दांपलीकडे दोघे कधी बोलले नव्हते.

पट्ट्या लागल्या त्या रविवारी मावशी उठून पाचव्या बाकाकडे निघाल्या होत्या. मेहुण्याने दोन्ही तळवे खाली दाबत बसण्याची खूण केली. त्या बसल्या. मान वळवून त्यांनी सुटलेल्या गाडीतल्या माणसाला करावा तसा हात केला. घड्याळवाल्यांनीही केला.

चौथ्या रविवारी पाचव्या बाकावर कोणी दुसरेच होते.

"आजारी आहेत का ते?" उपासना संपल्यावर मावशींनी पाळकांना गाठले.

"छे हो!" पाळकांनी फोन पुढे धरला. "हे बघा ना, हजर आहेत. घरून बघतात. दहाला दोन मिनिटं कमी असतानाच येतात, घड्याळवालेच शेवटी!"

"तुम्ही जाऊन आलात त्यांच्याकडे?"

"ताई, जावं लागत नाही, हीच तर सोय आहे. चारशे जण जोडलेत आपल्याशी. चारशे! कुणाकुणाकडे जाऊ?"

मंगळवारी मावशी घड्याळवाल्यांच्या दुकानात गेल्या. विचारायचे वाक्य त्यांनी वाटेत तीनदा तपासले होते आणि दर वेळी त्यातला एक शब्द गाळला होता. घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून एका उघड्या घड्याळावर ओणवे झाले होते. मान वर करताच त्यांचा चेहरा उजळला.

"बाई, तुम्ही! या या. स्टूल घ्या ते. डुगडुगतं जरा, बेतानं."

"रविवारी येत नाही तुम्ही."

"येतो की! एकही चुकवला नाही." त्यांनी फळीवरच्या टॅबकडे हनुवटी केली. "खरं सांगू का, रागावू नका. एकोणीस वर्षं शेजारी बसलो, पण तुमचा चेहरा मला धड ठाऊक नव्हता. शेजारच्या बाईकडे टक लावून कसं बघायचं? आणि परवापरवा मागे बसवलं, तर नुसती पाठ. आता पाळकसाहेब 'शांती द्या' म्हणाले की तो पुढचा कॅमेरा थेट तुमच्यावर येतो. स्तोत्र चुकीचं छापलेलं असलं की तुमच्या कपाळाला आठी पडते, ठाऊक आहे?"

मावशींचा हात कपाळाकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला.

"माझ्या बाकावर जागा आहे," त्या म्हणाल्या. वाक्यात आता एवढेच उरले होते.

"तो विमेवाला बसू देईल होय? पट्टी मारून ठेवलीय त्यानं. तुम्ही आपल्या तिथेच बसा, छान दिसता." ते स्वतःशीच हसले. "त्या वेळी मी हात पुढे करतो, इथून, पडद्याकडे. कुणी बघितलं तर म्हणेल, म्हाताऱ्याचाच काटा सरकलाय. तुमचा हात मात्र कधी दिसत नाही. येत्या रविवारी तुम्हीही करा ना पुढे. मी बघत असेन."

निघताना मावशींनी हात पुढे केला. घड्याळवाल्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले: एकात चिमटा, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग, बोटे तेलाने काळी.

"हात खराब आहेत हो, बाई. रविवारी नक्की."

रविवारी मावशी वेळेआधी येऊन पट्टीवर बसल्या. पाळक म्हणाले, "एकमेकांना शांती द्या." दहा माणसे दहा बाकांवर स्तब्ध राहिली, कुठल्या कुठल्या घरांत चारशे बोटांनी पडद्यावरचे हाताचे चित्र दाबले. व्यासपीठाशेजारच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. मावशींनी उजवा हात पुढे केला. शेजाऱ्याचा हात न बघता सापडावा, नेमक्या त्या उंचीवर, कमरेच्या जरा वर. कोपर अवघडले तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ते धरले आणि मनात चाळीस मोजले. ओठ हलले, तीन शब्द पुरे झाले.

लोक पांगल्यावर मेहुणा वायरी गुंडाळत जवळ आला.

"मावशी, आज तुम्ही हात पुढे केला होतात ना? फार छान वाटलं असतं हो. पण मी तुमचा चेहरा जवळून घेतो, हात पार खाली राहिला. दिसलाच नाही कुणाला. पुढच्या वेळी जरा वर धरा."

"किती वर?"

तो तिपाईमागे जाऊन छोट्या पडद्यात वाकला. मावशींनी हात उचलला.

"अजून. अजून थोडा. खांद्याच्या वर. हां, बस्स! आता दिसतोय."

मावशींनी हात तसाच धरून ठेवला. लाल दिवा केव्हाच विझला होता.