हिरवेकाकांची काकडी

ऐन उन्हाळ्यात त्या गल्लीतल्या एकाही परसात धड हिरवं पान उरलं नव्हतं. कुणाचे टोमॅटो झाडावरच भाजले, कुणाच्या वांग्यांवर पांढरा चिकट किडा बसला, कुणाच्या कुंड्यांत मुंग्यांनी संसार थाटला. फक्त हिरवेकाकांच्या मागच्या दारी काकडीचा वेल असा माजला होता, की कुंपण ओलांडून शेजाऱ्याकडे निघाला होता.

हिरवेकाका हे नाव गल्लीनेच ठेवलेलं. निवृत्त झाल्यापासून ज्या माणसाला कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं, त्याला आता लोक रस्त्यात थांबवून विचारत, "काका, पानं पिवळी पडतायत, काय करू?" की काका हात मागे बांधून सुरू.

"पाणी पहाटे घाला, भर उन्हात नाही. बुडाशी पाचोळा पसरा, वर हिरवी जाळी बांधा. आणि मुख्य म्हणजे माया लावा. झाडाला माया कळते."

हे शेवटचं वाक्य ऐकलं की काकू आत निघून जायच्या. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या मायेचा थेंबभर ओलावा त्यांच्या वाट्याला आला नव्हता. पण ते असो, त्याची त्यांना सवय झाली होती.

सवय होत नव्हती ती नातीच्या दुखण्याची. लेकीने सुट्टीसाठी पाठवलेली चिऊ आल्यापासून पोटाने हैराण होती. जुलाब, उलट्या, मग चार दिवस बरी, की पुन्हा तेच. पोरीच्या गालाची हाडं वर आली. डॉक्टर म्हणाले, पाणी उकळून द्या. काकूंनी पाणी उकळलं, भांडी उकळली, चमचेसुद्धा उकळले. ओटा घासघासून बोटांची सालं काढली. तरी लेक फोनवर म्हणालीच, "आई, तुझ्याच स्वयंपाकघरात काहीतरी घाण आहे. मी येते तिला न्यायला. आणि खरं सांगू, पुन्हा नाही पाठवणार." काकूंनी ते ऐकून घेतलं.

त्या रविवारी संध्याकाळी गल्लीतली बागेची हौशी मंडळी काकांचा वेल बघायला येणार होती. काका दुपारीच केस कापायला सलूनमध्ये गेले आणि जाताना सांगून गेले, "वाफ्यातलं गवत तेवढं काढून ठेव. लोकांसमोर शोभा नको."

काकू खुरपं घेऊन बसल्या. कालपासून नळाला पाणी नव्हतं, साठवलेलं घरातच पुरवून वापरत होते, झाडांना थेंब मिळाला नव्हता, आणि तरी वाफा चिकचिकीत ओला होता. पानांखाली गोगलगायी एकमेकींवर चढून बसल्या होत्या. हिरव्या माश्या तोंडावर येत होत्या. गवताचा एक झुपका मुळासकट निघाला आणि त्याबरोबर असा भपकारा आला, की काकूंनी मान फिरवली. हे खत नव्हतं. खताचा वास त्यांना ठाऊक होता.

त्यांनी उकरलं. माती काळी, लिबलिबीत, कोमट. त्यात पांढुरक्या अळ्या वळवळत होत्या. आणखी खाली खुरपं पाइपावर आपटलं. घरच्या संडासाचा पाइप. त्याला हातभर चीर गेली होती आणि त्यातून जे यायचं ते सगळं बिनबोभाट काकडीच्या मुळांशी जात होतं. काही काकड्या तर त्या मातीवरच लोळत होत्या. काकूंनी हात झटकला. ते झटकून जाण्यातलं नव्हतं. त्या कशाबशा कुंपणापर्यंत गेल्या आणि भडभडून ओकल्या.

मग परत आल्या, कारण त्यांना काहीतरी दिसलं होतं. चिरेभोवती कापड गुंडाळून सुतळीने बांधलं होतं. खुरप्याच्या टोकाने त्यांनी ते ओढलं. बनियन होतं. घाणीने काळं पडलेलं, पण खांद्यावर निळ्या दोऱ्याचे टाके अजून ओळखू येत होते, कारण ते त्यांनीच घातले होते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला काकांनी मांडवाच्या खांबासाठी इथे पहार मारली होती. त्याच सुमारास हे बनियन दोरीवरून नाहीसं झालं होतं. "तुला एक वस्तू सांभाळता येत नाही," म्हणून बोलणीही काकूंनीच खाल्ली होती.

आणि मग त्यांना एकेक आठवत गेलं. या वेलाची एकही काकडी काकांनी तोंडात घातलेली त्यांनी पाहिली नव्हती. पित्त होतं म्हणे. ताटातली आपली फोड ते उचलायचे आणि चिऊच्या हातावर ठेवायचे. "घे, आजोबांची लाडकी!" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण काकूंनी आजवर हसत वापरली होती. आता हसू आलं नाही. घाणीची किळस अंगावरून साबणाने गेली असती. ही किळस वेगळी होती.

काका आले ते पावडरीच्या घमघमाटात. काकूंनी खड्ड्यावर पोतं टाकलं होतं. हात धुऊन धुऊन लाल झाले होते. त्यांनी सरळ विचारलं, "अहो, वाफ्यात कसला वास येतो?"

काकांची नजर एकदा वाफ्याकडे जाऊन आली. "खताचा. चांगलं खत वास मारणारच."

"बघता का उकरून?"

"आता? लोक यायच्या वेळेला? तुला नेमका मुहूर्त सुचतो!"

"मग आज काकड्या तरी वाटू नका."

"वा! काकडीसाठीच तर येतायत सगळे," म्हणाले आणि टोपली घेऊन तोडायला गेले.

काकूंनी त्यांना एकदा नव्हे, तीनदा संधी दिली होती. चौथी द्यायची त्यांना गरज वाटली नाही.

मंडळी आली. शिवणकाम करणाऱ्या बाई, कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर, आणखी दोघं-तिघं. काकांनी दारातच प्रत्येकाच्या हातात एकेक काकडी दिली, बक्षीस दिल्यासारखी. बाग बघून झाली, माया सांगून झाली. शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "काकू, मीठ आणा की. इथेच खाऊ या."

"आणते," काकू म्हणाल्या. "पण मान आधी मालकाचा."

त्यांनी एकच काकडी कापली, बशीत घातली आणि बशी काकांपुढे धरली.

"मला पित्त..." काका हसले. "आणि दातही जरा..."

"दात?" डॉक्टर म्हणाले. "अहो, परवाच तपासलेत मी. दगड फोडाल तुम्ही!"

सगळे हसले. काकांनी फोड उचलली. ती ओठांपाशी नेली. हात तिथेच थांबला. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर होते. तेवढ्यात चिऊ आतून आली, झोपेतून उठलेली, सुकलेल्या तोंडाची. काकांचा चेहरा सुटल्यासारखा झाला.

"ये ये! घे, आजोबांची लाडकी!" म्हणत त्यांनी ती फोड तिच्यापुढे केली.

काकूंना वाटलं होतं, फार तर नवरा खोटं बोलेल. फार तर आब राखायला गिळून टाकेल. पोर अशी सुकलेली समोर असताना पुन्हा तिलाच देईल, हे मात्र त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. चिऊच्या बोटांतून त्यांनी फोड काढून घेतली आणि काकांच्या तोंडाला लावली.

"तिला चालते ना? मग तुम्ही खा."

काकांनी ओठ घट्ट मिटले. औषध नको म्हणणारं पोर मिटतं तसे. हनुवटीवरून काकडीचं पाणी ओघळलं, पण ओठ उघडले नाहीत. मग शिवणवाल्या बाईंनी आपल्या हातातली काकडी कट्ट्यावर ठेवली. डॉक्टरांनी तिच्याशेजारी आपली ठेवली. बघता बघता कट्ट्यावर काकड्यांची रांग लागली.

"पोत्याखाली बघा," काकू सगळ्यांना म्हणाल्या. "बनियन ह्यांचंच आहे."

त्यांनी चिऊचे हात साबणाने धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग लेकीला फोन लावला.

"ओटा स्वच्छ आहे गं माझा," त्या म्हणाल्या. "तू चिऊला न्यायला येतेयस ना? ये. मीही माझी पिशवी भरून ठेवते."