सख्खा मामा

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" गुरुजींनी माईकवरून दुसऱ्यांदा पुकारा केला. नवरदेव पाटावर उभा, अंतरपाट धरलेला, पाहुण्यांच्या मुठीत अक्षता. आणि नवरी काही येईना.

नवरी, म्हणजे संपदा, आतल्या खोलीत गौरीहराशी बसली होती. शेजारी तिचा चुलतमामा कडक इस्त्रीचा सदरा घालून ताटकळत होता. "माझा मामा आल्याशिवाय मी उठणार नाही," एवढंच ती बोलली होती. गौरीहराशी बसलेल्या मुलीला मामानंच उठवून न्यायचं असतं. तिला ओढून तरी कोण नेणार!

तिचा सख्खा मामा ढुंढिराज कार्यालयाच्या मागे, भटारखान्यात नारळ खवत बसला होता. जागा त्यानं स्वतःच निवडली होती.

आदल्या वर्षापर्यंत हा माणूस नाशकात कुणाच्या अध्यातमध्यात नव्हता. सरकारी कचेरीत कारकून, बिनलग्नाचा, पंचवटीत दोन खोल्या आणि भाचीवर जीव. मग ९७ साली, गणपतीच्या आधी, स्टँडजवळच्या मुतारीत साध्या वेशातल्या पोलिसांनी सापळा लावला. एक देखणा हवालदार दाराशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसायचा. जो उलटून हसेल त्याची कॉलर बाहेरचे दोघं धरायचे. ढुंढिराज हसला. कोर्टात ते टिकलं नाही, उलट न्यायाधीशांनी पोलिसांनाच चार शब्द सुनावले. पण सुटल्याची बातमी कोण छापतो? धरल्याची मात्र एका सांजदैनिकानं नाव, वय, हुद्द्यासकट छापली होती. कचेरीत त्याच्या टेबलाशी चहाला कोणी फिरकेना. वाणी सुटे पैसे हातावर न देता फळीवर ठेवू लागला. चांगल्या घरची म्हणवणारी माणसं इतकी क्षुद्र वागली, याचा मला अजून संताप येतो.

सरळ विचारलं ते एकट्या संपदानं. "मामा, खरं काय?"

"त्यानं हसून पाहिलं, मीही हसलो. मला बरं वाटलं होतं, संपदा. ते मी खोटं म्हणणार नाही."

तिनं त्याचं पान मांडलं. मग म्हणाली, "जेवून जा. आईनं थालीपीठं लावलीत."

लग्न ठरलं तेव्हा त्यानंच आपल्या बहिणीला, लतिकाला, सांगितलं, "मला मामा म्हणून उभं करू नकोस. मुलाकडची त्र्यंबकची माणसं, उगाच पोरीला बोल नको." लतिका रडली, पण 'नाही, तूच उभं राहायचंस' असं काही तिच्या तोंडून निघालं नाही. घरादाराला हायसं वाटलं आणि ते त्याला दिसलं.

आता तीच लतिका धावत भटारखान्यात आली. "दादा, ऊठ. हट्टाला पेटलीय ती. मुहूर्त टळेल."

"तिला सांग, मी रागावेन."

"तू रागावशील हेही सांगितलं. म्हणते, रागवायला तरी इथं ये म्हणावं."

नारळ फोडणारी विमलाबाई फिसकन हसली. "जा ना मामा, लय येळ झाला. खोबरं मी बघते."

एवढ्यात मुलाचे वडीलच दारात आले. त्र्यंबकचे उपाध्याय, सोवळ्याओवळ्याचे कडक. ढुंढिराज खवणीवरून उठला. पोरीचं लग्न आपल्यापायी मोडलं, असंच त्याला वाटलं.

"सख्खे मामा तुम्हीच ना?"

"हो. पण ते पेपरात..."

"पेपर त्र्यंबकलाही येतो हो. वाचूनच मुलगी केली आम्ही. चला, आमचा मुलगा तिथं केव्हाचा उभा आहे!"

ढुंढिराजनं हात धुतले. सदऱ्यावर खोबऱ्याचा कीस तसाच होता. गौरीहरापाशी त्याला बघून संपदानं हात पुढे केला. चुलतमामा बाजूला झाला आणि त्यानं आपलं उपरणं मुकाट्यानं ढुंढिराजच्या खांद्यावर टाकलं.

मंडपात कचेरीतली मंडळी पुढच्याच रांगेत होती. ढुंढिराजची मान खाली गेली.

"मामा, वर बघून चल ना," संपदा कुजबुजली. "शालूत मला पाऊल दिसत नाही. तूही खाली बघितलंस तर दोघंही पडू."

तो वर बघून चालला आणि अंतरपाटाशी तिच्या पाठीमागे उभा राहिला. 'सावधान' होताच अक्षता उडाल्या. लग्नात लोकांचा नेम कधी धड असतो? अर्ध्याअधिक त्याच्याच डोक्यावर पडल्या. झटकायला त्यानं हात वर नेला, आणि मग तसाच खाली घेतला.